गाडीतला हीटर आणि आईचे पाय

आईच्या पायांवर उकळतं पाणी सांडत होतं आणि ती शांतपणे पदराच्या टोकानं समोरची काच पुसत होती. त्या सकाळचं बाकीचं सगळं मला मागेपुढे आठवतं, पण हे एवढं जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं.

डिसेंबर होता. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला मामाच्या नातीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं म्हणून आम्ही तिघं दिवस उगवतानाच हिंगोलीहून निघालो होतो. आबा गाडी चालवत होते, आई त्यांच्या शेजारी, मी मागं. आबांचं वय चौऱ्याहत्तर. सरकारी कचेरीत त्यांनी सगळी नोकरी ड्रायव्हर म्हणून काढली, आणि त्यातली बरीच वर्षं याच अॅम्बॅसिडरच्या चाकावर. गाडी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. कचेरीनं ती लिलावात काढली तेव्हा भंगारवाल्यांच्या गर्दीत आबा एकटेच असे होते, ज्यांना ती चालवायला हवी होती.

त्या गाडीत हीटर होता. हिंगोलीत मोटारीला हीटर, हे ऐकून लोक हसतात. पण दक्षिणेकडचे एक साहेब इथं बदलून आले होते आणि पौषातल्या पहाटे दौऱ्यावर निघाले की त्यांचे दात वाजायचे. त्यांनी तो बसवून घेतला. साहेब गेले, हीटर राहिला. रचना साधी. इंजिनातलं गरम पाणी दोन रबरी पाइपांतून डॅशबोर्डखालच्या पत्र्याच्या डब्यात येतं. डब्यात तांब्याच्या नळ्यांची एक कॉईल असते, दिसायला छोट्या रेडिएटरसारखी. मागून पंखा हवा मारतो आणि गरम हवा पायांवर येते. त्या कॉईलला आबा 'रेडिएटरचं पिल्लू' म्हणायचे. डबा बरोबर डाव्या सीटसमोर, म्हणजे आईच्या पायांच्या वर. थंडीत आईला ती ऊब फार आवडायची. गाडीत बसली की आधी म्हणायची, "तुमचं पिल्लू चालू करा."

नरसी मागं पडून थोडं पुढं आलो होतो. एकदम समोरची काच आतून पांढरी झाली. रस्ता दिसेनासा झाला. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा गोडसर, घशात बसणारा वास आला आणि डॅशबोर्डखालून फस्स आवाज झाला. आबांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि ओरडले, "उतरा! उतरा खाली!"

मी उतरले. आबा उतरले. आई बसून राहिली. वाफेत तिचं डोकं तेवढं दिसत होतं.

"आई, पाय वर घे!"

"काहून?" ती म्हणाली. "धुकं आलं बघ काचेवर."

मी तिचं दार उघडलं तेव्हा खालच्या चटईवर वाफाळतं हिरवं पाणी साचलं होतं आणि त्यात तिचे दोन्ही पाय होते. लोकरीचे मोजे, वर चपला. डब्याच्या तळातून धार अजून पडत होती, सरळ तिच्या पावलांवर. मी धारेखाली हात घातला आणि तसाच झटकन मागं घेतला. तीनच बोटं भाजली, तरी किंचाळले. आई माझ्याकडं बघत होती, मी काहून ओरडले म्हणून.

मी एका हायस्कूलमध्ये प्रयोगशाळा सहायक आहे. भाजलं तर काय करायचं आणि काय करायचं नाही, हा तक्ता माझ्या हातानं लिहून मी भिंतीवर लावलेला आहे. भाजलेल्या जागेला चिकटलेलं कापड ओढायचं नाही, हे त्यात तिसऱ्या ओळीवर आहे. आणि मी काय केलं? तिचे पाय बाहेर घेतले आणि मोजा ओढला. मोज्याबरोबर पावलाची कातडी आली. जशीच्या तशी, दुधावरची साय यावी तशी.

आबांनी ते बघितलं आणि गाडीच्या चाकाला टेकून खालीच बसले.

आईनं पायाकडं पाहिलं. "अगं बया," एवढंच म्हणाली. आवाजात दुखणं नव्हतं. आश्चर्य होतं, जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा होता.

दुसरा मोजा मी काढला नाही. पिण्याच्या पाण्याचा कॅन होता, तो हळूहळू पायांवर ओतत राहिले. निम्मं पाणी रस्त्यावर गेलं. गोरेगावकडून हिंगोलीला जाणारी एक जीप थांबली. आत आधीच दाटीवाटी होती, तरी मधल्या सीटवरचे चौघं न बोलता उतरून मागं लटकले. एका बाईनं पिशवीतून टूथपेस्ट काढली, "लाव गं पोरी, थंड पडतं." मी तिचा हात धरून मागं सारला. तिला राग आला नाही. उलट तिनं सगळ्या वाटेत आईचे पाय आपल्या मांडीवर धरून ठेवले. तिचं लुगडं भिजून गेलं होतं.

आबा गाडीपाशीच राहिले. मी चला म्हणाले, तर हातानंच 'जा' म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. जखमा बघताना त्यांनी विचारलं, "मावशी, खूप आग होतेय का?"

"न्हाई बाई."

"दुखतंय?"

"न्हाई. नुसतं ओलं ओलं वाटून राहिलं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग आईला डोळे मिटायला सांगितले. एक बोथट सुई घेतली आणि न भाजलेल्या टाचेवर टेकवली. दाबली. मग अंगठ्याखाली. मग दुसऱ्या पायाच्या तळव्यावर. मी मोजत होते. सहाव्यांदा टोचून झालं तेव्हा आई डोळे मिटूनच म्हणाली, "लावा की आता. कवाची वाट बघून राहिले मी."



बोटातलं रक्त काढून मशीनवर घातलं. साखर चारशेच्या वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किती वर्षांपासून आहे?" मी म्हणाले, हिला साखर नाहीच. डॉक्टरीणबाईंनी मशीनचा आकडा माझ्याकडं वळवून धरला. त्यांनी समजावलं, बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायांच्या नसा मरतात. मग काटा कळत नाही, चटका कळत नाही. मी विज्ञानाच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढली. ज्या बाईच्या शेजारी रोज ताट घेऊन बसत होते, तिच्या पायांना जमीन कळत नाही, हे मला माहीत नव्हतं.

दुपारी आबा आले. गाडी घेऊनच आले. हीटरकडं जाणारे दोन्ही पाइप इंजिनापाशी काढून त्यांनी एकमेकांना जोडून टाकले होते, एका शेतातल्या बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये भरलं होतं आणि थांबत थांबत आले होते. उजव्या हाताला फोड आले होते. पलंगाशी येऊन म्हणाले, "गाडी आणली." आणि तसेच उभे राहिले. त्यांना कुणी गाडीचं विचारलं नव्हतं.

आई म्हणाली, "साक्षगंधाला कळवलं का? वाट बघत असतील लोकं."

तिसऱ्या दिवशी, आबा चहा आणायला गेले तेव्हा तिनं मला सांगितलं. दोन वर्षं झाली होती. आधी मुंग्या यायच्या, मग पायाखाली कापूस पसरल्यासारखं वाटायचं, मग काहीच नाही. एकदा बाजारातून भाजी घेऊन घरी आली आणि उंबऱ्यात चपला काढायला वाकली, तर एका पायात चप्पलच नव्हती. कुठं पडली कळलं नाही. अर्धं हिंगोली ती एका पायानं अनवाणी चालून आली होती, तेही उन्हाळ्यात. दुसऱ्या दिवशी तिनं नव्या चपला घेतल्या आणि मला म्हणाली की जुन्या तुटल्या.

"सांगितलं काहून नाहीस?"

"माझ्या मोठ्या भावाचा पाय कापला व्हता, साखरीनं. तू ल्हान व्हतीस. नंतर त्याला ओसरीवर बसवून ठेवलं, मरंपर्यंत. म्हणलं, नावच घेतलं न्हाई तर व्हायचं न्हाई."

भेटायला येणारे नातेवाईक एकच वाक्य बोलायचे. "बरंच झालं म्हणायचं, ह्या निमित्तानं साखर तरी कळली." पहिल्या दोघातिघांपुढं मी मान डोलावली. मग एका चुलत भावाला मी म्हणाले, "तुझ्या आईवर उकळतं पाणी टाकून तपासून घे मग." तो अजून आमच्याशी नीट बोलत नाही. माझं चुकलं असेल. पण त्या महिन्यात माझ्या नाकातून तो गोडसर वास जात नव्हता आणि कुणी 'बरं झालं' म्हटलं की तो पुन्हा दाटून यायचा.

उजवा पाय मांडीची कातडी लावून भरत आला. डाव्याची करंगळी काढावी लागली.

आई घरी आल्यावर, मार्चमध्ये आबा म्हणाले, हीटर उघडायचा. मेकॅनिक म्हणाला होता की पाइप जोडलेतच, तसेच राहू द्या, हिंगोलीत हीटर कशाला पाहिजे. मीही तेच म्हणाले. खरं तर मला ती गाडी डोळ्यांसमोर नको होती. आबा ऐकेनात. "फुटलेलं तसंच ठेवून फिरायचं न्हाई," म्हणाले. नोकरीतसुद्धा त्यांनी बिघडलेली गाडी कधी साहेबांच्या दारात उभी केली नव्हती.

एका रविवारी सकाळी आम्ही दोघं कामाला लागलो. त्यांना डॅशबोर्डखाली वाकता येत नव्हतं, म्हणून सीट काढून मी उताणी आत शिरले आणि ते बाहेरून सांगत राहिले. आधी रेडिएटर रिकामा केला. मग डॅशबोर्डखालचा कप्पा काढला. चार बोल्ट, त्यातला एक गंजलेला. त्याच्यावर तेल घालून चहा होईपर्यंत थांबलो. डबा सुटला तेव्हा उरलेलं हिरवं पाणी माझ्या गळ्यावर सांडलं. थंडच होतं, पण मी असा धक्का देऊन उठले की कपाळ स्टिअरिंगच्या दांड्यावर आपटलं.

डब्याच्या पट्ट्या सोडवून आबांनी कॉईल बाहेर काढली. मला वाटलं होतं, ते निरखून बघतील, बोटानं छिद्र दाखवतील. त्यांनी ती लगेच वर्तमानपत्रात गुंडाळली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

रेडिएटर दुरुस्त करणारे एक चाचा होते, आबांच्या नोकरीपासूनच्या ओळखीचे. आता दुकान त्यांचा मुलगा चालवतो, पण आम्ही गेलो म्हणून ते स्वतः बाहेर आले. कागद सोडून त्यांनी कॉईल उन्हात धरली. "नवी मिलती नई बेटा, बनानीच पडेगी. नळ्या बदलतो, बराबर करून देतो." मग खालच्या कोपऱ्यावर त्यांचा अंगठा थांबला. तिथं राखाडी लुकणाचा, भेग बुजवायच्या पुट्टीचा, गोळा होता, दगडासारखा वाळलेला, मधोमध फाटलेला. त्यांनी नखानं खरवडला.

"ये किसने लगाया?"

मी आबांकडं पाहिलं. मला वाटलं, त्या जुन्या साहेबांच्या काळातलं असेल.

"म्या," आबा म्हणाले.

चाचांनी कॉईल हळूच फळीवर ठेवली आणि आत गेले.

"कधी?" मी विचारलं.

"पोळ्याच्या आधी. थेंब थेंब गळून राहिलं व्हतं."

"पोळ्याच्या आधी? म्हणजे आई चार महिने त्याच्याखाली बसत होती?"

"टिकंल वाटलं."

"आम्हाला सांगितलं का नाही?"

"तू म्हणली असतीस, इका गाडी."

मी तसं म्हणाले असते, हे खरं होतं. तरी मी तिथं रस्त्यावर, दुपारच्या उन्हात, वडिलांवर ओरडले. जन्मात पहिल्यांदा. काय बोलले ते आठवत नाही. समोरच्या हॉटेलातले लोक बाहेर येऊन बघत होते. आबांनी टोपी काढून हातात घेतली होती आणि ते ऐकून घेत होते, आणि ते बघून मला आणखीच राग येत होता. ह्या माणसानं मला स्टिअरिंग धरायला शिकवताना सांगितलं होतं की शेजारी बसलेल्या माणसाचा जीव आपल्या हातात असतो.

घरी येताना आबा म्हणाले, "मीच सांगतो तिला."

आई पलंगावर पाय उशीवर ठेवून शेंगा सोलत होती. आबा दारातच उभे राहिले आणि सगळं एका दमात सांगून मोकळे झाले.

"तुमाला माहीत व्हतं?" ती म्हणाली.

"व्हय."

"आन मला तिथंच बसवलं?"

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

सहा दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. जेवायला वाढ, गोळ्या आण, सगळं माझ्यामार्फत. मी एकदा चिडून म्हणाले, "तूही लपवलंसच की दोन वर्षं."

"म्या माझं लपवलं," आई म्हणाली. "माझे पाय हायेत. त्यांनी माझ्यापासून लपवलं."

चाचांनी कॉईल बनवून दिली. जुन्याच पत्र्यात नव्या तांब्याच्या नळ्या, चकचकीत. देण्याआधी त्यांनी ती पाण्याच्या टाकीत बुडवून आत हवा भरून दाखवली. एकही बुडबुडा नाही. आबा म्हणाले, पुन्हा दाखवा. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा चाचांच्या मुलाला हसू आलं, पण चाचांनी त्याच्याकडं बघितलं आणि तो गप्प झाला.

बसवताना मी दोन्ही पाइप नवे घातले, क्लिपाही नव्या. डबा परत लावला. पाणी भरून, रेडिएटरचं झाकण उघडंच ठेवून, हीटरची तोटी पूर्ण सोडून इंजिन चालू ठेवलं. नळ्यांतली अडकलेली हवा अशीच काढावी लागते. बुडबुडे बंद व्हायला बराच वेळ गेला. मग आबा म्हणाले, "तू चालव. नरसीपर्यंत जाऊन येऊ."

ते डाव्या सीटवर बसले. चपला काढल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि अनवाणी पावलं डब्याच्या बरोबर खाली ठेवली. मग हीटर पूर्ण सोडला आणि काचा वर घेतल्या.

मार्चमधली दुपार होती. हिंगोली सोडायच्या आत माझी पाठ भिजली. रस्त्याकडेला हळदीचे ढीग वाळत होते, त्यांच्याकडं बघूनच डोळे दुखत होते, आणि आम्ही गाडीत हीटर लावून चाललो होतो. आबांच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. पावलं लाल झाली होती.

"आबा, बंद करते."

"न्हाई. राहू दे."

"तुम्हाला चक्कर येईल."

"तुला बंद करायचं न्हाई म्हणलं ना?"

नरसीला मी गाडी वळवली. येताना चढावर इंजिन तापलं, काटा वर गेला. माझी नजर रस्त्यावर कमी आणि त्यांच्या पायांवर जास्त होती. थेंबही पडला नाही.

घरी पोचलो तर आई दारात उभी. वॉकर धरून, पहिल्यांदाच कुणाच्या मदतीशिवाय एवढं आलेली. तिनं त्यांचा चिंब सदरा पाहिला, लाल पावलं पाहिली. ती काय समजली कोण जाणे.

"पडाल कुठंतरी," ती म्हणाली. "आत या. ताक घ्या आधी."

आता ती गाडीत मागं बसते. पुढं बस असं कुणी म्हणतही नाही. आबा रोज संध्याकाळी हात धुऊन, चष्मा लावून तिचे तळवे तपासतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, तिला कळत नाही, म्हणून दुसऱ्यानं बघायचं. बोटांच्या बेचक्यात बॅटरीचा उजेड टाकून बघतात. हे काम मी करते म्हटलं, तर ऐकत नाहीत.

परवा ते तपासताना एकदम थांबले. टाचेत काहीतरी चमकत होतं. शाळेच्या कागदांची स्टेपलरची पिन होती, माझ्याच पिशवीतून पडलेली असणार. ती पुरती आत गेली होती आणि भोवती लालसर कडं आलं होतं. सकाळपासून ती तिच्यावर चालत असेल. आबांनी चिमट्यानं पिन काढली. मी औषधाची बाटली शोधत होते आणि सापडत नव्हती.

"काय निघालं?" आईनं विचारलं.

आबांनी तळहातावर दाखवलं. तिनं ती पिन उचलली, उलटसुलट करून बघितली, आणि तिचं टोक अंगठ्यावर दाबलं. झटकन हात मागं घेतला. अंगठ्यावर रक्ताचा ठिपका आला.

"हाताला कळतंय अजून," ती म्हणाली, आणि अंगठा तोंडात घातला.